कुळाचार एक, इष्टदैवत ज्याचं त्याचं



लेकीच्या उष्टावणाची तारीख कळवलीस आणि जाता जाता विचारलंस, "आजी, मूल कसं वाढवायचं ते तुझ्या पोथ्यांत कुठे लिहिलंय का गं?" लिहिलंय. पण एका जागी सापडत नाही. कुठे उपनिषदातल्या बापलेकांच्या बोलण्यात, कुठे पुराणातल्या एखाद्या आईच्या अंगाईत, असं विखुरलेलं आहे. फोनवर सांगायला गेले तर अर्धं राहून जाईल, म्हणून लिहिते. नातजावयांनाही वाचायला दे. हे एकट्या आईचं काम नव्हे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आपलं देवघर डोळ्यांसमोर आण. मधोमध कुलदैवतांचे टाक, खंडोबाचा आणि भवानीचा. त्यांचं सगळं ठरलेलं. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा, नवरात्रात घट, घरात लग्न झालं की जागरण-गोंधळ. या घरात जो जन्मला किंवा लग्न होऊन आला, त्याने ते करायचं, त्यात निवडीचा प्रश्न नाही. पण त्याच देवघरासमोर तुझे आजोबा विठ्ठलाचे. आषाढी आली की त्यांचे पाय घरात ठरत नसत. तुझ्या आईचे धाकटे काका दत्ताचे, त्यांचं गुरुचरित्र आणि नरसोबाची वाडी. मी चातुर्मासात एकनाथी भागवत उघडून बसणारी. आणि तुझा मामा देवघराकडे फारसा फिरकलाच नाही. रविवार उजाडला की तो गडावर. एकाने दुसऱ्याला "माझाच देव धर" असं कधी म्हटलं नाही, आणि मामाला नास्तिक म्हणून कोणी हिणवलं नाही. कुळाचार सगळ्यांचा एक, इष्टदैवत ज्याचं त्याचं. मूल वाढवायला मला एवढं एकच सूत्र पुरलं.

म्हणजे घरचे नियम थोडे ठेव, पण ते सगळ्यांना सारखे, मोठ्यांनासुद्धा. आमच्याकडे तीनच होते. खोटं बोलायचं नाही, ताटात टाकायचं नाही, आणि घरी कामाला येणाऱ्या माणसाशी तुटकपणे बोलायचं नाही. तुम्ही दोघं बसून तुमचे ठरवा. यादी लांबली की ती कोणीच पाळत नाही, आणि मुलाला वाटायला लागतं की श्वास घ्यायलाही परवानगी लागते. त्या थोड्या नियमांच्या बाहेर जे उरतं ते तिचं: कोणता खेळ, कोणता रंग, कोणती मैत्रीण, चित्र की गणित, खूप बोलणं की गप्प राहणं.

उष्टावणाच्या दिवशी मामाने खीर भरवली की बाळापुढे वस्तू मांडतात. पुस्तक, पेन, कापड, नाणं, एखादं अवजार. ज्याला हात लावेल त्यावरून पुढे काय होणार ते ओळखायचं. हल्ली बऱ्याच घरांत स्टेथोस्कोप अगदी बाळाच्या हाताशी ठेवतात आणि बाकीचं सगळं लांब सारतात. तसं करू नकोस. सगळ्या वस्तू सारख्या अंतरावर मांड. सात महिन्यांच्या हाताने जे उचललं त्यावर आयुष्य ठरत नाही हे सगळ्यांनाच कळतं. पण आपल्या जुन्या माणसांना आईबापांनी मुलापुढे बसून "हिला काय हवंय" ते बघावं असं वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते बघणं पुढे पंधरा वर्षं चालू ठेव.

कसं बघायचं? मुलाला शिकवायला बसलं की ते दिसत नाही. काम करायला बसव. थंडीत मटार येतात ना, तेव्हा मी तिघांना परात पुढे ठेवून सोलायला बसवायची. तुझी आई दाणे लहान-मोठे असे वेगळे लावायची आणि कोणी विस्कटले की रडायची. मावशीच्या हाताला वेग नव्हता, पण तोंड अखंड चालू, प्रत्येक शेंगेतल्या दाण्यांना ती नावं ठेवायची आणि त्यांचं कुटुंब तयार करायची. मामा पाचव्या शेंगेला उठायचा आणि गॅलरीतून खाली कोण कुठे चाललंय ते बघायचा. एकच परात, तीन मुलं. पुढे तिघांच्या वाटाही तशाच वेगळ्या झाल्या, ते तुला ठाऊकच आहे. कुठल्या चाचणीने मला हे सांगितलं नसतं. लेक तीन-चार वर्षांची झाली की एक वही कर आणि असं काही दिसलं की तारीख घालून दोन ओळी लिहून ठेव. दहावीनंतर शाखा निवडायची वेळ आली की नातेवाइकांना विचारण्याआधी ती वही उघड.

गीतेत अर्जुन "मी लढणार नाही" म्हणून बसतो, तेव्हा शेवटच्या अध्यायात कृष्ण त्याला सांगतो की तू नाही म्हणालास तरी तुझा स्वभावच तुला तिकडे ओढून नेईल. हे मुलांच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. बांधून ठेवलेला स्वभाव पस्तिशीत उसळून येतो आणि तोवर माणूस बरंच काही करून बसलेला असतो.

तुला दुसरं झालं, तर दोघांची शर्यत लावू नकोस. गणपती आणि कार्तिकेय यांना एका फळासाठी पृथ्वीप्रदक्षिणा घालायला सांगितली, कार्तिकेय मोरावर बसून निघाला आणि गणपतीने आईबापांभोवतीच फेरी मारली, ही गोष्ट आपण गणपतीच्या हुशारीपाशी थांबवतो. तमिळनाडूत पळणीला ती पुढे सांगतात. फळ गणपतीला मिळालेलं बघून कार्तिकेय रुसला आणि घर सोडून त्या डोंगरावर जाऊन राहिला. मला दोन्ही मुलं बरोबर वाटतात. एकाला आईबापांत जग दिसलं, दुसऱ्याने जग खरोखर फिरून पाहिलं. फळ एकच ठेवलं, तिथे गोष्ट बिघडली. "बघ, दादा कसा शहाणा" हे वाक्य म्हणजे तेच एक फळ. ते घरात आणूच नकोस.

प्रत्येक मुलाची वाट वेगळी, हे मार्कंडेय पुराणातली मदालसा राणी तर उघडच दाखवते. पहिल्या तीन मुलांना तिने पाळण्यात असतानाच आत्मज्ञानाची अंगाई गायली आणि ते तिघे विरक्त झाले. चौथ्याच्या वेळी राजा म्हणाला, राज्य चालवायला एक तरी ठेव. तेव्हा त्याच आईने अलर्काला राजधर्म शिकवला, प्रजा, न्याय, कर, शत्रू, मित्र, सगळं. आई एकच, शिकवण वेगळी. आणि निघताना तिने त्याला एक अंगठी दिली, आत लेख कोरलेला. फार मोठं संकट येईल तेव्हाच उघड म्हणाली. कित्येक वर्षांनी राज्य हातचं जायची वेळ आली तेव्हा त्याने ती उघडली, आईचे शब्द वाचले आणि त्या शब्दांच्या वाटेने तो दत्तात्रेयांपाशी पोहोचला. मुलगा संकटात असताना आई त्याच्या डोक्याशी बसून बोलत नव्हती. तिने बोलायचं ते आधीच, शांतपणे, थोडक्यात लिहून ठेवलं होतं. तूही लेकीच्या वाढदिवसाला दरवर्षी एक पत्र लिहून ठेवत जा. उपदेश कमी, "तू आज अशी आहेस" हे जास्त.

आता रागाचं. कठोपनिषदातला नचिकेता तुला माहीत आहे, पण त्याच्या बापाकडे एकदा नीट बघ. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला बसला आणि दिल्या काय, तर थकलेल्या, दूध आटलेल्या गाई. मुलाने ते पाहिलं. मुलं हे हमखास पाहतात. देणगीची पावती फाडताना, रिक्षावाल्याशी बोलताना, दारावर आलेल्या माणसाला "साहेब घरी नाहीत" सांगताना ती तिथेच असतात. नचिकेता विचारतो, मग मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला दिला. राग आला तो मुलगा चुकला म्हणून नव्हे, तो बरोबर होता म्हणून. आपल्याला सगळ्यात जास्त राग अशाच वेळी येतो. तेव्हा लेकीने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि तुझ्या कपाळाची शीर उडायला लागली की तोंड उघडायच्या आधी उठून पाणी पी. शब्द सुटला की तो मूल खरा मानतं. नचिकेत्याने मानला आणि गेला यमाच्या दारी.

पुढचं तर त्याहून मोठं. यम घरी नव्हता, पोरगं तीन रात्री उपाशी दारात. यम परत आला आणि साक्षात मृत्यूने त्या लहान मुलाची क्षमा मागितली, रात्रीला एक असे तीन वर दिले. मोठ्या माणसाने मुलाकडे दिलगिरी व्यक्त केली तर त्याचा मान जातो असं कोणी तुला सांगितलं, तर ही गोष्ट सांग. पाळणाघरातून आणायला उशीर झाला, कबूल केलेली बाग राहिली, तर "माझं चुकलं" म्हण आणि भरपाई कर. आणि पहिला वर नचिकेत्याने काय मागितला? माझ्या बापाचा राग जावो, मी परत जाईन तेव्हा त्याने मला ओळखावं, प्रेमाने जवळ घ्यावं. ज्याने मृत्यूला देऊन टाकलं त्याच्यासाठी पहिला वर! मुलं आपल्याला एवढ्या सहज माफ करतात म्हणूनच जपून वागायचं.

शिकवण्याचं म्हणशील तर छांदोग्यातल्या उद्दालकाकडून शीक. त्याचा मुलगा श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे गेला, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून आला तो नाक वर करून. आपल्याकडे कॉलेजातून सुट्टीला मुलं येतात ना, तसा. बापाने "शेफारलास" म्हटलं नाही. एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मुलाला येत नव्हतं. मग वडाचं फळ आणायला सांगितलं, फोडायला सांगितलं, आतलं बी फोडायला सांगितलं. काय दिसतं? काही नाही. त्या "काही नाही"तूनच एवढा वड उभा आहे म्हणाला. एका रात्री पाण्यात मीठ टाकायला लावलं आणि सकाळी म्हणाला, ते मीठ दे. सापडेना. तर पाणी वरून, मधून, तळातून चाखायला लावलं. तू हा प्रयोग लेकीबरोबर नक्की कर, सहा-सात वर्षांची झाली की. तत्त्वज्ञान लगेच सांगू नकोस. तिला चाखू दे, तोंड वेडंवाकडं करू दे. मुलगा पुन्हा म्हणतो, बाबा, अजून समजावा. बाप म्हणतो, बरं बाळा. एकच गोष्ट तो नऊ वेळा सांगतो, कधी मधमाश्यांचा दाखला, कधी नद्या-समुद्राचा, कधी डोळे बांधून रानात सोडलेल्या माणसाचा. "किती वेळा सांगायचं तुला" असं एकदाही म्हणत नाही. दर वेळी दाखला नवा. लेकीला हातच्याची वजाबाकी कळली नाही, तर तेच उदाहरण मोठ्या आवाजात परत सांगू नकोस. चिंचोके घे, बटणं घे, दुकान-दुकान खेळ.

त्याच बापाने मुलाला पंधरा दिवस जेवू दिलं नाही, नुसतं पाणी, आणि मग वेद म्हणायला लावले. एक अक्षर आठवेना. जेवल्यावर सगळं आठवलं. तू हा प्रयोग मात्र करू नकोस, ध्यानात ठेव. संध्याकाळी सहा-साडेसहाला मूल चिडचिड करतं, अभ्यासाला बसत नाही, भावंडाला चावतं, तेव्हा संस्कार कमी पडले म्हणून काळजी करण्याआधी पोटात काय गेलंय ते बघ. तूपमीठ-भात दे, दहा मिनिटं जवळ घे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही ध्यानाबरोबरच आहार, झोप, करमणूक माफक असावी हे येतं. तिथेच अर्जुन तक्रार करतो की मन आवरत नाही. अर्जुनाचं आवरत नव्हतं, तिथे तुझ्या लेकीचं पहिल्या फटक्यात कसं आवरेल? उपाय सांगितलाय तो असा की जिथे जिथे पळेल तिथून परत आणायचं, रोज, न कंटाळता. परत आणताना रागवायला कुठे सांगितलेलं नाही.

या गोष्टींत सगळे मुलगेच, हे तुझ्या मनात आलं असेल. मला ते आयुष्यभर सलत आलंय. म्हणून लेकीला गार्गी आवर्जून सांग. जनकाच्या सभेत तिने याज्ञवल्क्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले, त्याने सांगितलं, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती बसली. आणि थोड्या वेळाने पुन्हा उभी राहिली, पंडितांनी भरलेल्या सभेला सांगून, की मी दोन प्रश्न विचारणार आहे, धनुर्धराने दोन बाण घेऊन उभं राहावं तशी. त्या वेळी त्याला उत्तर द्यावंच लागलं. मुलीला पुन्हा उभं राहता आलं पाहिजे. त्यासाठी घरात जेवताना तिचं वाक्य मधेच तोडू नका, विशेषतः पाहुण्यांसमोर. आणि आपल्या मुक्ताईची ताटी आहेच. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना समजावणारी त्यांची धाकटी बहीण होती. लहान मूल मोठ्याला चार शब्द सांगू शकतं हे मराठी घराला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

अवघड प्रश्न येतील. आपल्यात कोणी वेगळं झालेलं असेल, कोणी दत्तक घेतलेलं असेल, कोणाबद्दल घरात दबक्या आवाजात बोललं जात असेल. मूल विचारेल. जबालेला तिच्या सत्यकामाने विचारलं, माझं गोत्र काय? ती म्हणाली, तरुणपणी मी अनेकांच्या घरी कामं केली, तुझा बाप कोण ते मला सांगता येत नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असं सांग. मुलाने गुरूला जसंच्या तसं सांगितलं, आणि गुरूने त्या खरेपणावरच त्याला पदरात घेतलं. वयाला झेपेल एवढं सांग, पण जे सांगशील ते खरं सांग.

मारण्याबद्दल एकदाच लिहिते. चाणक्याच्या नावावर एक श्लोक सांगतात, पाच वर्षं लाड, दहा वर्षं मार, सोळाव्या वर्षापासून मित्र. आमच्या पिढीतल्या वडीलमंडळींना तो तोंडपाठ होता आणि त्यातला मधला भाग तर फारच आवडायचा. पहिला आणि तिसरा भाग घे, मधला सोडून दे. ज्याला दहा वर्षं मारलं तो सोळाव्या वर्षी मित्र होत नाही. तो खोलीचं दार लावून घेतो.

सोळाव्या वर्षाबद्दल मात्र श्लोक बरोबर आहे, आणि गीता त्याच्याही पुढे जाते. सातशे श्लोक होत आले, विश्वरूप दाखवून झालं, आणि कृष्ण अर्जुनाला म्हणतो, या सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. देवाला आज्ञा करता आली असती. त्याने निर्णय अर्जुनाकडे ठेवला. लेक मोठी होऊन काही विचारायला आली, तर तुला माहीत असलेलं सगळं सांग, भीती वाटत असेल तर तीही सांग, पैशाचा हिशेबही मांड. मग गप्प बस आणि तिला दोन दिवस दे. विनोबांच्या आईला गीता समजेल अशा सोप्या मराठीत हवी होती, मिळत नव्हती, तेव्हा ती लेकाला म्हणाली की तूच का करत नाहीस? तेव्हा ते तरुण होते. आई 1918 मध्ये गेली, आणि 1930-31 मध्ये त्यांनी गीताई लिहिली. आईने अमुक हो असं म्हटलेलं नव्हतं. तुला जमेल, एवढा विश्वास टाकला होता.

आणि तुमच्या दोघांच्या वागण्याचं. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आईला, बापाला देव मान हे सांगितलंय, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच उपदेशात गुरू असंही सांगतात की आमच्यातलं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं घेऊ नकोस. हे आईबापांनी मुलाला स्पष्ट सांगावं असं मला फार वाटतं. "माझं हे आरडाओरडा करणं घेऊ नकोस हं, बाबांचं वेळेवर पोहोचणं घे." ऐकून मूल तुमचा आदर कमी करत नाही. उलट, त्याला निवडता येतं.

राहता राहिलो आम्ही, आजी-पणजी-आजोबा. तुमचं काय ठरलंय ते आम्हाला आधी कळवत जा. मोबाईल जेवताना दाखवायचा की नाही, साखर कधीपासून, रडली तर किती वेळ थांबायचं, मराठीतच बोलायचं की इंग्रजीही चालेल. आम्हाला पटलं नाही तर तुला एकटीला बाजूला घेऊन सांगू, तिच्यासमोर नाही. आणि तिच्यापुढे तुझाच शब्द चालेल, मी आले तरी.